शनिवारमुक्त गृहस्थ

महाराष्ट्र शासनाच्या कचेऱ्यांत 29 फेब्रुवारी 2020 पासून पाच दिवसांच्या आठवड्याचा अंमल सुरू झाला, आणि लिपिक व कक्ष अधिकारी या चिरपरिचित वर्गांत न बसणारा एक नवाच मनुष्यविशेष मुंबईच्या दप्तरांतून उदयास आला. त्याला मी शनिवारमुक्त गृहस्थ म्हणतो. हा गृहस्थ बहुधा डोंबिवलीस किंवा कल्याणास राहतो, वयाने पन्नाशीच्या अलीकडे-पलीकडे असतो, आणि इतकी वर्षे आपण केवळ नोकरी केली, जगण्याचे राहूनच गेले, हा साक्षात्कार त्याला सरकारी परिपत्रक हाती पडल्याच्या दिवशीच झालेला असतो.

वास्तविक दुसरा आणि चौथा शनिवार त्याला पूर्वीही मोकळाच होता. नव्या हुकुमाने पदरात पडले ते महिन्याचे दोन, फार तर तीन शनिवार. आणि त्यांच्या मोबदल्यात उरलेल्या पाच दिवसांची वेळ रोज पंचेचाळीस मिनिटांनी वाढवून मुंबईची कचेरी सव्वासहापर्यंत चालावी, असे सरकारने फर्मावले. या व्यवहाराची जमेची बाजू गृहस्थाला मुखोद्गत आहे. खर्चाची बाजू मात्र त्याच्या कीर्दीत आजतागायत उतरलेली नाही. साडेपाच वाजताच पूर्वसंस्काराने त्याची मान दाराकडे वळते, त्यानंतरचा अर्धा तास तो फायलींची रास टेबलाच्या डाव्या अंगाकडून उजव्या अंगाकडे नेण्यात व्यतीत करतो, आणि शेवटची पंधरा मिनिटे लोकलच्या वेळापत्रकाच्या अध्ययनास वाहिलेली असतात.

शनिवाराला ‘सुटी’ म्हटलेले त्याला खपत नाही. सुटी आळशी माणसे घेतात. तो जीवन समृद्ध करतो. कोणी कुजकटपणे बोललेच, तर तो तत्काळ नारायण मेघाजी लोखंडे यांना साक्षीस पाचारण करतो. लोखंड्यांनी गिरणीकामगारांसाठी झगडून 1890 च्या जून महिन्यात रविवारची सुटी पदरात पाडून घेतली, हे खरेच आहे. परंतु ज्यांच्यासाठी ती मिळवली ते उजाडल्यापासून दिवेलागणीपर्यंत यंत्रांपुढे उभे असत आणि आपले हे चरित्रनायक पांढरा टॉवेल घातलेल्या खुर्चीत बसलेले असतात, एवढा तपशील त्याच्या भाषणातून नेमका गळतो.

त्याची पत्नी बँकेत असते. बँकांना 2015 च्या सप्टेंबरपासून दुसरा आणि चौथा शनिवार मिळाला, पहिला आणि तिसरा मिळाला नाही. त्यामुळे या दोन शनिवारी पत्नी बँकेत, मुलगा सकाळच्या शाळेत, आणि जीवन समृद्ध करणारा गृहस्थ वृद्ध मातोश्रींसह घरात, अशी वाटणी होते. मातोश्री दर शनिवारी न चुकता विचारतात, “आज दांडी का रे?” आणि तोही दर शनिवारी न चुकता शासननिर्णय समजावून सांगतो. त्यानंतर पेटी निघते. पेटीवरचा यमन आरोहातच दमला, की गृहस्थ पाककलेकडे वळतो, आणि मग बँकेत, काउंटरपुढे पेन्शनरांची रांग लागलेली असताना, पत्नीचा फोन वाजतो. हिंग कोठे आहे? मोहरी आधी की हळद? कुकरची शिट्टी होत नाही, यात काही धोका आहे काय? “अहो, पाणी घातलंत का त्यात?” हा प्रतिप्रश्न ऐकून रांगेतील पेन्शनरही आता काय शिजते आहे ते ओळखू लागले आहेत. भाजी होते एक, भांडी निघतात दहा, आणि ती घासणाऱ्या बाईंना पाच दिवसांच्या आठवड्याविषयी अद्याप कोणी काही कळविलेले नाही. पत्नीलाही मोकळीक असलेले दोन शनिवार मात्र गृहस्थ राजमाचीच्या वाटेवर आत्मशोधार्थ जातो.

जिन्यात शेजारचे हवालदार भेटले, तर त्यांचीही सुटका नसते. पोलीस आणि सरकारी दवाखाने यांना या आठवड्यातून वगळलेले आहे; कुठलासा बंदोबस्त निघाला की हवालदारांच्या हक्काच्या साप्ताहिक सुटीवरही गदा येते. रात्रपाळी करून, बूट हातात घेऊन वर चढणाऱ्या या मनुष्याला गृहस्थ ऐन वळणावर अडवतो आणि म्हणतो, “हवालदारसाहेब, कामाच्या मागे इतकं धावू नये माणसानं. कधीतरी स्वतःसाठी जगा.” हवालदार “होय साहेब” म्हणतात आणि दार लावून घेतात. पोलीस खात्याच्या संयमाची याहून मोठी कसोटी माझ्या पाहण्यात नाही.

या गृहस्थाची टवाळी करणे सोपे आहे, आणि मी ती यथाशक्ती केली आहे. परंतु त्याच्या शनिवारावर हक्क सांगणाऱ्यांच्या पंक्तीत मी बसणार नाही. जाऊन-येऊन अडीच-तीन तास लोकलमध्ये लोंबकळणाऱ्या माणसाला आठवड्यातून एक दिवस अधिक जमिनीवर उभे राहता येत असेल, तर ते त्याला मिळालेच पाहिजे. शिवाय, पेटी, राजमाची आणि आत्मशोध यांची टिपणे तो वहीत काटेकोर ठेवतो, तीत न नोंदलेली एक गोष्ट आहे. बारा वाजता तो आणि मातोश्री समोरासमोर बसून ती बिघडलेली भाजी खातात. पंचवीस वर्षे या बाईंनी मुलाला डबा घेऊन जिना उतरताना पाठमोराच पाहिला. आता तो समोर बसून मीठ जास्त झाले का म्हणून विचारतो, आणि त्या धडधडीत खोटे बोलतात. माझ्या मते त्या परिपत्रकाचा सर्वांत चांगला अंमल येथेच होतो. गृहस्थाला विचाराल, तर तो पेटीचे नाव घेईल.

ज्या वाचकांचे कागद अशा गृहस्थाच्या टेबलावर अडले असतील, त्यांच्या सोयीसाठी एवढेच सांगतो : शुक्रवारी तो शनिवारच्या तयारीत असतो आणि सोमवारी शनिवारच्या वर्णनात. मंगळवारी जावे, आणि साडेपाचच्या आत जावे.