जीपचा जीर्णोद्धार: गृहस्थांसाठी मार्गदर्शिका

जीप घरी आणण्याआधी तिचा पूर्वेतिहास ठरवून घ्यावा. शोधत बसू नये, त्यात वेळ जातो आणि हाती भलतंच लागतं, ठरवावा. महाराष्ट्रात ताडपत्रीखाली उभी असलेली प्रत्येक जीप दुसऱ्या महायुद्धात लढलेली असते, याबद्दल मालकवर्गात दुमत नाही. विलीज आणि फोर्ड या दोघांनी मिळून युद्धकाळात सहा लाखांहून जास्त जीप बनवल्या. त्यातल्या बहुतेक पुणे जिल्ह्यातच निवृत्त झाल्या असाव्यात.

पुरावा मागणारा एखादा भेटतोच. तो आधी बोनेटकडे बघतो. युद्धातल्या जीपचं बोनेट बसकं. तुमच्या जीपचं उंच असेल, तर ती सीजे-थ्रीबी. हे मॉडेल अमेरिकेत आलंच १९५३ साली. इनलेट व्हॉल्व्ह वर हेडमध्ये नेल्यामुळे इंजिन उंच झालं आणि त्याला झाकायला बोनेट उचलावं लागलं. महिंद्रानं मग तीच जीप आपल्याकडे वर्षानुवर्षं बनवली. हा गृहस्थ पुढे वाकून ग्रिलच्या फटीही मोजेल: लष्करी जीपला नऊ, मुलकी जीपला सात. युद्ध १९४५ सालीच संपलं होतं, हे तो बोलण्याच्या आत त्याच्या हातात चहा द्यावा आणि विषय पावसाकडे वळवावा.

याहून मोठं संकट म्हणजे वरच्या मजल्यावरचे काका. ते पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले असतात आणि जीपभोवती एक चक्कर मारून म्हणतात, "अहो, ही तर आमच्या सबडिव्हिजनची!" मग बहात्तरचा दुष्काळ निघतो. पुढे डाव्या सीटवर, एक पाय बाहेरच्या पायरीवर टाकून बसलेले साहेब. मागच्या आडव्या बाकांवर हजेरीपट सांभाळणारा कारकून, खलाशी आणि थिओडोलाइटची लाकडी पेटी. पाझर तलावाच्या कामावर फुफाट्यातून जीप आली की खडी फोडणाऱ्या बायका पदर तोंडावर ओढून घ्यायच्या, आणि आज सुकडी आली का, हे बघायला पोरं मागून धावायची. या कामगिरीपुढे नॉर्मंडीची फार मातब्बरी सांगू नये, असं प्रस्तुत लेखकाचं मत आहे. मालकवर्गात या मताला काडीची किंमत नाही.

म्हणून रंगाचा निर्णय पहिल्याच दिवशी झालेला असतो: ऑलिव्ह ग्रीन, बोनेटवर अमेरिकी पांढरा तारा. यात अडचण एकच. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या १२१व्या नियमानुसार संरक्षण खात्याची सोडून दुसऱ्या कुठल्याही गाडीला हा रंग देता येत नाही. पेंटरला ही अडचण सांगितली की तो "मग थोडा पिवळा टाकतो" म्हणतो.

आता कामाला लागावं. सुरुवात चाकं काढण्यापासून करतात, कारण ते सोपं वाटतं. उजव्या बाजूची चाकं खरोखरच निघतात आणि अंगात बळ येतं. डाव्या बाजूला पहिला नट हलत नाही. त्यावर रॉकेल सोडावं, रात्रभर ठेवावं. सकाळी पान्याला तीन फुटी पाइप लावावा. तरी हलत नाही म्हटल्यावर व्यायामशाळेत जाणारा भाचा बोलावतात आणि त्याला पाइपवर उभं करतात. कट्ट असा आवाज येतो, सगळे टाळ्या वाजवतात आणि नटासकट स्टड तुटून हातात येतो. तुटलेला तुकडा पुसून उजेडात धरावा. त्याच्या टोकावर बारीकसं इंग्रजी 'एल' कोरलेलं दिसेल. डाव्या चाकांचे आटे उलटे असतात. चाक पुढे फिरताना नट सैल पडू नयेत म्हणून कारखान्यानं केलेली ही सोय. भाचा इतका वेळ जीव तोडून तो नट आवळत होता.

दोन पाकळ्यांची लष्करी रिम मिळाली असेल तर मात्र थट्टा बाजूला ठेवा. बाहेरच्या वर्तुळातले आठ नट त्या पाकळ्या एकत्र धरतात. ट्यूबमध्ये हवा असताना त्यांना हात लावला तर रिम तोफगोळ्यासारखी उडते. तसंच पेट्रोलच्या टाकीचं. ती ड्रायव्हरच्या सीटखालीच असते. वेल्डिंगवाला यायच्या आत ती काढून लांब न्यावी. रिकामी आहे म्हणून निर्धास्त राहू नये. आत वाफ कोंडलेली असते आणि भडका उडतो तो तिचाच.

पत्र्याबद्दल फार लिहिण्यासारखं नाही, कारण पत्रा फारसा उरलेला नसतो. लोहचुंबक फिरवत जावं. जिथं तो चिकटणार नाही, तिथं आधीच्या मालकानं लांबी भरलेली आहे. काही टप निव्वळ लांबीवर उभे असतात. ते खरवडू नयेत.

सुट्या भागांसाठी नाना पेठ, तिथं नाही जमलं तर बुधवारी किंवा रविवारी जुना बाजार. दुकानदार "ओरिजिनल देऊ का ओरिजिनलसारखा?" असं विचारतो. दोन्ही एकाच खोक्यातून निघतात. फोर्डनं आपल्या जीपच्या बोल्टांच्या डोक्यावर 'एफ' उमटवलं होतं, ही माहिती त्याच्यासमोर चुकूनही बोलू नये. पुढच्या रविवारी त्याच्याकडे हवे तेवढे 'एफ' तयार असतील.

शेवटी आरटीओ. पन्नास वर्षं ओलांडलेल्या गाडीसाठी २०२१पासून व्हिंटेज नोंदणीची सोय आहे: वीस हजार रुपये शुल्क, दहा वर्षांची मुदत, नंबरात 'व्हीए' ही अक्षरं. चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार केलेला चालत नाही; मधल्या काळात कुणी परवडत नाही म्हणून डिझेल इंजिन बसवलं असेल तर हा मार्ग बंद. चासी नंबरावर कागद धरून पेन्सिल घासावी लागते, तेव्हा भरलेली लांबी तिथलीही निघते.

या नोंदणीवर गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती आणि पेट्रोल भरणं एवढ्यालाच मुभा. नवखे मालक हे वाचून हिरमुसतात. त्यांनी जुन्या पेट्रोल इंजिनाची भूक अजून पाहिलेली नसते. या जीपला पंपावर नेण्याची गरज रोजच पडते, आणि पंप कुठला निवडावा, याबद्दल नियमांत काहीही म्हटलेलं नाही. महाबळेश्वरलाही पंप आहे.