दाणा आणि अंगठा

मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनरने कबुतरांवर प्रयोग करून दाखवलं होतं: दाणा कितव्या टोचीला पडेल याचा नेम नसला, की कबूतर टोचत सुटतं, दाणे बंद केले तरी बराच वेळ थांबत नाही. २०१२ मध्ये ‘कँडी क्रश’ हा मोबाइल गेम आला, चोचीच्या जागी अंगठा आला. जीव ५, गेलेला एक परत मिळायला ३० मिनिटं. घाई असेल तर पैसे मोजा. (कबुतराला ही सोय नव्हती.)

आमचे शेजारी अण्णा रात्री दीडला ‘एका चालीनं हुकलं!’ म्हणून हळहळतात आणि सकाळी नातवाला मोबाइल बघण्यावरून झापतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत गेमचं व्यसनही आहे, हे त्यांना सांगायला गेलो. त्यांनी हातानंच थांबवलं. एक जीव शिल्लक होता.