शब्दांची आवक

इंग्रजी येत नाही म्हणून आपल्या पोरांच्या हातात यादी दिली जाते. रोज 10 शब्द, महिन्याला 300, परीक्षेपर्यंत हजार. ही घोकंपट्टी बंद करा, असं माझं स्पष्ट मत आहे. नागपूरच्या कळमना बाजारातल्या धान्य शेडमध्ये बापाच्या सोयाबीनच्या ढिगाशेजारी बसून अशीच यादी पाठ करणारा पोरगा मी पाहिलाय. ओठ हलत होते, बोट कागदावर फिरत होतं. दोन हातांवर खरेदीदार मूठभर दाणे मॉइश्चर मीटरमध्ये टाकत होता. ‘‘भाऊ, ओला हाय माल,’’ एवढं म्हणून तो पुढच्या ढिगाकडे गेला. मीटरवर काय आकडा आला, तो कशाचा, आणि त्यावर किती भाव तुटला, हे बापानंही विचारलं नाही आणि पोरानंही. त्या दिवसाचा सगळ्यात महागडा इंग्रजी शब्द यादीत नव्हताच, समोरच्या मीटरवर होता.

शब्द कामाला चिकटून येतात. पंडित जवाहरलाल नेहरू मार्केट यार्ड हे कळमन्याच्या बाजाराचं पाटीवरचं नाव. त्या नावातच दोन इंग्रजी शब्द आहेत आणि हमालापासून अडत्यापर्यंत सगळे ते बिनदिक्कत बोलतात. लॉट, ग्रेड, सॅम्पल, गेट पास, कोल्ड स्टोरेज, लायसन्स. हे त्यांना कुठल्या गाईडनं शिकवलं नाही. रोज तेच काम, त्याच कामात तोच शब्द, आणि चुकला तर खिशाला चाट. शिकवणीची यापेक्षा चांगली पद्धत मला ठाऊक नाही.

वजनकाट्याची चिठ्ठी घ्या. तिच्यावर ग्रॉस, टेअर, नेट असे तीन शब्द छापलेले असतात. भरलेला ट्रक काट्यावर चढतो तो ग्रॉस, रिकामा होऊन परत येतो तो टेअर, दोन्हींची वजाबाकी नेट. ज्यानं हे एकदा डोळ्यांनी पाहिलं, तो जन्मात विसरणार नाही. उद्या पगाराच्या पावतीवर ग्रॉस आणि नेट दिसलं तरी त्याला कुणाला विचारावं लागणार नाही. दहावीच्या वर्गात ही चिठ्ठी फळ्यावर का लिहिली जात नाही? राज्यात 2000 सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे. रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना तो निर्णय झाला आणि तो योग्यच होता. पण पाव शतक उलटूनही शेतकऱ्याच्या घरातला इंग्रजी कागद ट्रंकेत पडून राहतो आणि वर्गात धडा तिसरा चालू असतो.

हमीभावाच्या खरेदीचंही तेच. तिथे माल ‘एफएक्यू’ लागतो, म्हणजे फेअर अ‍ॅव्हरेज क्वालिटी. सोयाबीनला ओलाव्याची मर्यादा 12 टक्के. 2024 च्या हंगामात हमीभाव होता 4892 रुपये क्विंटल, आणि पावसानं भिजलेल्या मालाची ओरड झाल्यावर नोव्हेंबरात केंद्रानं ही मर्यादा 15 टक्क्यांपर्यंत सैल केली. ज्याला मॉइश्चर कंटेंट हे दोन शब्द वाचता येतात, तो मीटरकडे बघून भांडू शकतो. बाकीच्यांनी ‘ओला हाय’ ऐकायचं.

आणि फवारणीचा डबा. 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले. कारणं बरीच होती. डोक्यावर गेलेली कपाशी, मास्क-हातमोजे नाहीत, औषधांचं मनमानी मिश्रण. लेबल वाचता आलं असतं तर सगळे वाचले असते, असं मी म्हणणार नाही. पण डब्यावरचा त्रिकोण आणि त्याच्याजवळचा शब्द घरातल्या एकाला तरी कळायलाच हवा. लाल आणि पिवळ्याला पॉयझन, निळ्याला डेंजर, हिरव्याला कॉशन. अँटिडोट म्हणजे उतारा, लेबलवरची ती ओळ दवाखान्यात डॉक्टरला दाखवायची. वेटिंग पीरियड म्हणजे शेवटची फवारणी आणि तोडणी यांच्यात सोडायचे दिवस. विदर्भातल्या शाळेला इंग्रजी शब्दांची पहिली यादी करायचीच असेल, तर ती या डब्यावरून करा. डबा मात्र धुतलेला रिकामाही वर्गात आणू नका. लेबलचा फोटो पुरे.

आता पद्धत. मायकेल वेस्ट नावाचे इंग्रज शिक्षक ढाक्यात शिकवत होते. त्यांनी 1953 मध्ये सुमारे 2000 नेहमीच्या शब्दांची यादी छापली. साध्या मजकुरातले दहांपैकी आठ शब्द त्यातलेच निघतात. म्हणून दुर्मीळ शब्दांमागे धावण्याआधी हे दोन हजार पक्के करा. विसरण्याचा अभ्यास जर्मनीच्या एबिंगहाउसनं 1885 मध्येच मांडला: शिकलेलं पहिल्या दिवसातच भराभर गळतं. त्यावरचा उपाय 1972 मध्ये लाइटनर या पत्रकारानं पुस्तकात सांगितला, तो दोन रुपयांत होतो. ओळीनं काही खोकी मांडा आणि जुन्या पावत्यांच्या कोऱ्या बाजूचे तुकडे करा. एका अंगाला शब्द, दुसऱ्या अंगाला त्या शब्दाचं आपल्या घरातलं वाक्य. आठवला तर चिठ्ठी पुढच्या खोक्यात, ती तीन दिवसांनी काढायची, मग आठवड्यानं. चुकला तर परत पहिल्या खोक्यात. अर्थ आधी आठवून पाहायचा आणि मगच चिठ्ठी उलटायची. हे कष्टच शब्द पक्का करतात.

शब्द एकटा घेऊ नका, त्याची भावकी घ्या. संत्र्याच्या लिलावातच बघा: राइप, अनराइप, रायपनिंग. वे, वेट, वेब्रिज. बिड, बिडर, हायेस्ट बिड. शेतमालाच्या ऑनलाइन लिलावाचं ई-नाम 14 एप्रिल 2016 ला सुरू झालं, त्याच्या पडद्यावरही बिड आणि बिडर आहेत. एका शब्दाच्या मेहनतीत तीन-चार हाताशी येतात. आणि ते तोंडातून निघू द्या. चुकीच्या उच्चाराला हसणाऱ्या मास्तरानं जितकी पोरं गप्प केली, तितकी व्याकरणानंही केली नसतील.

बाजार समितीकडे माझी एक मागणी आहे. प्रत्येक शेडच्या खांबावर तिथल्या मालाचे 20-25 शब्द मराठी, हिंदी आणि इंग्रजीत मोठ्या अक्षरांत रंगवा. मिरचीच्या शेडमध्ये मिरचीचे, आलू-कांद्याच्या शेडमध्ये त्यांचे. काट्याशेजारी ग्रॉस-टेअर-नेट, मीटरशेजारी मॉइश्चर आणि त्या हंगामाची मर्यादा. खर्च म्हणाल तर रंगाचे डबे आणि एका पेंटरची आठवडाभराची मजुरी. मृग बहाराची संत्री यायच्या आत हे होण्यासारखं आहे, आणि जवळच्या भांडेवाडी-पारडीच्या शाळांनी आपली पोरं एक दिवस इथे आणली, तर मास्तरांना धडा तयार मिळेल.