त्रेपन्न नामांकनं, बाकी शून्य

सातत्यासाठी एमी पुरस्कार देत नाहीत, हे एका परीनं बरंच आहे. दिला असता, तर 'बेटर कॉल सॉल' या अमेरिकी मालिकेचं त्यासाठी हमखास नामांकन झालं असतं आणि पुरस्कार दुसऱ्याच कुणी तरी नेला असता.

१५ जानेवारी २०२४च्या रात्री लॉस एंजेलिसमध्ये ७५वा एमी सोहळा पार पडला. खरं तर तो आदल्या सप्टेंबरातच व्हायचा होता, पण लेखक आणि कलाकार दोघंही संपावर गेल्यानं चार महिने लांबला. म्हणजे 'सॉल'ला हरण्यासाठीसुद्धा चार महिने ताटकळावं लागलं. अखेरच्या पर्वाच्या उत्तरार्धासाठी मालिकेला ७ नामांकनं होती. निकाल लागले तेव्हा हातात अणू धरलेली ती सोनेरी पंखवाली बाई सातही वेळा दुसऱ्यांच्या घरी गेली होती. २०१५ला उघडलेलं खातं कायमचं बंद झालं: ५३ नामांकनं, शून्य पुरस्कार. एवढी नामांकनं मिळवून एकही एमी न मिळालेली दुसरी मालिका नाही. याला विक्रम म्हणतात. तो मोडायचा तर एखाद्या मालिकेनं फार चांगलं काम केलं पाहिजे आणि परीक्षकांनी फार नेटानं दुर्लक्ष केलं पाहिजे. हा योग वारंवार येत नाही.

खातेवहीचं पान बघण्यासारखं आहे. २०१५ साली ७, २०१६ला ७, २०१७ला ९, २०१९ला ९, २०२०ला ७, २०२२ला ७ आणि शेवटची ७. मधल्या २०१८ आणि २०२१ या दोन वर्षी स्पर्धेत बसेल असं पर्वच नव्हतं, त्यामुळे त्या वर्षी मालिका हरली नाही. सर्वोत्कृष्ट नाट्यमालिकेच्या शर्यतीत ती सातही वेळा होती. तीनदा 'गेम ऑफ थ्रोन्स' पुढे गेली, एकदा 'द हँडमेड्स टेल' आणि शेवटी लागोपाठ तीनदा 'सक्सेशन'. नायक बॉब ओडेनकर्क सहा वेळा अभिनेत्यांच्या यादीत होता. जॉन हॅम, रामी मालेक, स्टर्लिंग के. ब्राउन, बिली पोर्टर, 'स्क्विड गेम'चा ली जंग-जे आणि कीरन कल्किन अशा सहा जणांचं त्यानं सहा वेळा टाळ्या वाजवून अभिनंदन केलं. हरलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर त्याच क्षणी कॅमेरा जातो. हसू किती रुंद ठेवायचं, डोळ्यांत किती आनंद आणायचा, टाळ्या कधी थांबवायच्या, ही सगळी अदाकारी सहा वेळा बिनचूक वठवणाऱ्या नटाला त्यासाठी तरी काही द्यायला हवं होतं.

यातली 'गेम ऑफ थ्रोन्स'ची २०१९ची गोष्ट जरा सविस्तर सांगायला हवी. त्या वर्षी तिचं शेवटचं पर्व आलं आणि जगभरचे चाहते इतके भडकले, की हे पर्व जाणत्या लेखकांकडून पुन्हा लिहून घ्या, अशी मागणी करणाऱ्या अर्जावर दहा लाखांहून जास्त सह्या पडल्या. मध्ययुगीन मेजवानीच्या एका दृश्यात टेबलावर कॉफीचा आधुनिक कप विसरला गेला आणि तसाच प्रसारितही झाला. एमीनं या पर्वाला ३२ नामांकनं आणि १२ पुरस्कार दिले, सर्वोत्कृष्ट नाट्यमालिकेचा धरून. लोकांना जी पटकथा पुन्हा लिहून हवी होती, त्या अखेरच्या भागाच्या पटकथेचंही नामांकन झालं. कप तेवढा राहून गेला.

या ३२ नामांकनांच्या मागे एक मजेदार रीतही दिसली. एमीसाठी कुणी तरी नाव पाठवावं लागतं, त्याची फी भरावी लागते. वाहिनीनं आपली नावं पाठवली नाहीत म्हणून 'थ्रोन्स'मधल्या तिघा कलाकारांनी, ग्वेंडोलिन क्रिस्टी, अल्फी ॲलन आणि कॅरिस व्हॅन हौटन यांनी, प्रत्येकी २२५ डॉलर स्वतःच्या खिशातून भरले. तिघांचंही नामांकन झालं. आपल्याकडे आदर्श शिक्षक पुरस्कारासाठी गुरुजी स्वतःच्याच आदर्शपणाची पुराव्यांसह फाईल तयार करतात, तेव्हा काही जणांना हसू येतं. हॉलिवूडमध्येही तेच चालतं, हे कळलं की गुरुजींबद्दलचा आदर वाढतो. त्या तिघांना पुरस्कार मात्र मिळाला नाही. २२५ डॉलरमध्ये नामांकनच येतं.

आता 'सॉल'ची कथा काय आहे ते बघितलं की या हिशोबाची खरी गंमत कळते. 'ब्रेकिंग बॅड'नं ५८ नामांकनांतून १६ एमी नेले. तिच्यातल्या एका भडक टाय लावणाऱ्या, टीव्हीवर स्वतःच्या जाहिराती करणाऱ्या वकिलाची ही पूर्वकथा. व्हिन्स गिलिगन आणि पीटर गूल्ड यांनी ती न्यू मेक्सिकोतल्या अल्बुकर्कीत घडवली. सॉल गुडमनचं मूळ नाव जिमी मॅकगिल. एका बड्या वकिली फर्ममध्ये तो टपाल वाटायचं काम करतो. रात्री जागून, अमेरिकन समोआच्या विद्यापीठातून पत्रद्वारा अभ्यास करून वकिलीची परीक्षा पास होतो. मग हर्षभरित होऊन नोकरी मागायला जातो, तर फर्म नाही म्हणते. नकार देणारा भागीदार खलनायक वाटत राहतो आणि बऱ्याच भागांनंतर उलगडा होतो, की पडद्याआडून नकार देत होता तो जिमीचा थोरला भाऊ चक. धाकट्यावर त्याची माया आहे. त्याच्या हुशारीबद्दलही शंका नाही. फक्त त्याला आपल्या बरोबरीनं बसवायचं नाही.

एमी देणाऱ्या टेलिव्हिजन अकॅडमीच्या वीस हजारांवर मतदार सभासदांनी ही मालिका बघितली असेल, तर त्यांना ती कथा कुणाची वाटली असेल?

चकची भूमिका केली मायकेल मक्कीननं. तिसऱ्या पर्वातला 'चिकेनरी' नावाचा भाग ज्यांनी पाहिला, त्यांना तो विसरता येत नाही. चकला विजेचा त्रास होतो, किंवा तसं त्याला वाटतं. घरात दिवे नाहीत, फोन नाही, अंगावर चंदेरी कागदाचं पांघरूण. वकिलांच्या शिस्तपालन समितीसमोर भावाविरुद्ध साक्ष द्यायला तो येतो, तेव्हा त्याच्यासाठी खोलीतले दिवे घालवलेले, सगळ्यांची घड्याळं, फोन बाहेर ठेवलेले. उलटतपासणीत जिमी विचारतो, आत्ता इथे वीज जाणवतेय का? चक अंदाज घेत, विजयी सुरात जिमीच्या खिशातल्या फोनकडे बोट दाखवतो. जिमी फोन काढतो. त्यात बॅटरीच नाही. हा डाव चकनं ओळखलेला असतो, म्हणून तो हसतोही. मग जिमी म्हणतो, कोटाच्या वरच्या खिशात हात घाल. तिथे ती बॅटरी असते, पूर्ण भारलेली. जिन्यात धक्का लागल्याचं निमित्त करून एका सराईत हातचलाखाने पावणेदोन तासांपूर्वी ती सरकवलेली असते आणि चकला काहीही झालेलं नसतं. चक ती दोन बोटांत धरून विंचवासारखी लांब फेकतो आणि मग भावाविरुद्ध लहानपणापासून साठवलेलं सगळं विष भडाभडा बाहेर पडतं. कॅमेरा सावकाश त्याच्याजवळ सरकत राहतो. बोलता बोलता समितीच्या चेहऱ्यांकडे त्याचं लक्ष जातं आणि आपण काय करून बसलो हे त्याला कळतं.

या भागाच्या पटकथेचं नामांकन झालं. मक्कीनचं त्या वर्षी झालं नाही. शून्याचा विक्रम करणाऱ्या मालिकेतही ज्यांना हरण्याची संधी वेळेवर मिळाली नाही, असे काही लोक होते.

किम वेक्सलरचं काम करणाऱ्या रे सीहॉर्नला तर पाच पर्वं कुणी विचारलं नाही. समीक्षक दरवर्षी तिच्या नावानं ओरडत होते. अकॅडमीनं २०२२ साली एकदम कसर भरून काढली: एकाच वर्षी दोन नामांकनं, एक किमसाठी आणि एक 'कूपर्स बार' या लघुमालिकेसाठी. दोन्हीकडे हार. पुढच्या वर्षी पुन्हा नामांकन, पुन्हा हार. उशिरा आली तरी परंपरा तिनं नीट पाळली.

आणि आता तपशील असा येतो, की तो कुठल्या विनोदी लेखकानं सुचवला असता तर संपादकानं अतिशयोक्ती म्हणून कापला असता. या मालिकेत गस फ्रिंग नावाचा अमली पदार्थांचा शांत, इस्त्रीबाज व्यापारी आहे. वरकरणी तो तळलेल्या चिकनची दुकानं चालवतो. मालिकेच्या प्रसिद्धीसाठी वाहिनीनं 'लॉस पोयोस एर्मानोस' या काल्पनिक दुकानाच्या कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण देणाऱ्या छोट्या चित्रफिती काढल्या. गस, म्हणजे जियानकार्लो एस्पोसितो, कॅमेऱ्याकडे बघून नोकरीतली शिस्त समजावतो. या चित्रफितींना २०१७ साली लघुमालिका विभागात एमी मिळाला. तीन वर्षांनी किम वेक्सलर वकिली नीतिमत्तेचे धडे देते, अशा चित्रफिती आल्या, त्यांनाही मिळाला. म्हणजे भावाभावांतल्या वैराची, माणूस कणाकणानं कसा बिघडतो याची ६३ भागांची कथा पसंत पडली नाही, पण चिकनच्या दुकानात कामाला लागलेल्या पोरांसाठीचं प्रशिक्षण पसंत पडलं. हे पुरस्कार मालिकेच्या अधिकृत नोंदीत धरत नाहीत. वेगळं शीर्षक, वेगळा विभाग, त्यामुळे शून्याला धक्का लागत नाही. अकॅडमीचे हिशोबनीस या बाबतीत काटेकोर आहेत.

ओडेनकर्कच्या घरी दोन एमी आहेतच. १९८९ साली 'सॅटर्डे नाइट लाइव्ह' आणि १९९३ साली 'द बेन स्टिलर शो' यांच्या लेखनातल्या वाट्यासाठी ते मिळाले. विनोद लिहिले तेव्हा लगेच पटलं. जुलै २०२१मध्ये याच मालिकेच्या चित्रीकरणात त्याला हृदयविकाराचा झटका आला, सहकाऱ्यांनी जागेवरच प्रथमोपचार करून वाचवलं आणि काही आठवड्यांत तो उठून परत कामावर आला. इतकं करूनही.

याउलट आपल्या वाहिन्यांनी हरणाऱ्यांचा हा प्रश्न फार पूर्वीच सोडवला आहे. 'झी मराठी'चे वार्षिक पुरस्कार किंवा 'स्टार प्रवाह'चे परिवार पुरस्कार आठवावेत. वाहिनी आपल्याच मालिकांना, आपल्याच मंचावर, आपल्याच प्रेक्षकांसमोर पुरस्कार देते. विभागही नात्यागोत्याचे: सर्वोत्कृष्ट सून, सासू, सासरे, जोडी, कुटुंब. रिकाम्या हातानं घरी कोण जाणार? 'सॉल' आपल्याकडे बनली असती तर जिमीला सर्वोत्कृष्ट धाकटा भाऊ आणि चकला थोरला भाऊ मिळाला असता, दोघांनी एकाच मंचावर गळामिठी मारली असती आणि सूत्रसंचालकानं डोळे पुसले असते. नातीवर जीव टाकणारा, रात्री माणसं टिपणारा मालिकेतला माइक सर्वोत्कृष्ट आजोबा झाला असता. अडचण फक्त शीर्षकगीताची. जुन्या व्हिडिओ कॅसेटसारखं खराब झालेलं चित्र, चार-दोन सूर आणि मध्येच खाडकन बंद. त्यावर नाच बसवणं जड गेलं असतं. अगदी राज्य नाट्य स्पर्धेतही हरलेल्या गुणी नटाला अभिनयाचं गुणवत्ता प्रमाणपत्र देतात, त्याची फ्रेम करून हॉलमध्ये लावता येते. एमीत नामांकनाचंही प्रमाणपत्र देतात म्हणे. पण ५३ प्रमाणपत्रं लावायला तेवढी भिंत हवी.

अर्थात शून्याचीही प्रतवारी असते. बाल्टिमोर शहराचा गाभा उकलणाऱ्या 'द वायर'नं २००२ ते २००८ या काळात ६० भाग केले. तिला एमीची नामांकनं मिळाली एकूण दोन, तीही लेखनाची. पुरस्कार शून्य. पुढे ती हार्वर्डमध्ये समाजशास्त्राच्या वर्गात शिकवायला घेतली गेली. 'द वायर'ला दारातूनच परत पाठवलं. 'सॉल'ला सात वेळा आत घेतलं, पहिल्या रांगेत बसवलं, नाव पुकारलं आणि शेजारच्याला वर बोलावलं. यात अपमान कुणाचा मोठा, यावर मालिकाप्रेमींची भांडणं आजही चालू आहेत.

बाहेर सगळीकडे मात्र तिला रीतसर मान मिळत होता. पीबडी पुरस्कार मिळाला. टीव्ही समीक्षकांच्या संघटनेनं २०१९ साली, म्हणजे कॉफीच्या कपाच्याच वर्षी, नाट्यमालिकेचा सन्मान तिला दिला. १५ जानेवारी २०२३ला 'क्रिटिक्स चॉइस'मध्ये सर्वोत्कृष्ट नाट्यमालिका, ओडेनकर्क सर्वोत्कृष्ट अभिनेता आणि एस्पोसितो सर्वोत्कृष्ट सहायक अभिनेता अशी तिन्ही बक्षिसं तिनं उचलली. बरोबर एक वर्षानं, त्याच तारखेला, एमीनं तिला शेवटचं शून्य दिलं.

अल्बुकर्कीनं स्वतःपुरता निकाल लावून टाकला आहे. जुलै २०२२मध्ये तिथल्या कन्व्हेन्शन सेंटरमध्ये 'ब्रेकिंग बॅड'च्या वॉल्टर व्हाइट आणि जेसी पिंकमन यांचे ब्राँझचे पुतळे बसवले गेले. अमली पदार्थ बनवणाऱ्यांचा गौरव कशाला, म्हणून काहींनी कुरकुर केली, पण पुतळे उभे राहिले. त्याच सुमाराला 'सॉल'चे शेवटचे भाग प्रसारित होत होते. सॉल गुडमनचा पुतळा त्या दोघांच्या शेजारी नाही. त्याचं बहुधा नामांकन झालं असावं.