फुकटातलं ईआरपी: नवशिक्यांसाठी खात्रीची कृती

धंदा वाढला, माणसं वीसच्या वर गेली, गोडाऊनमध्ये नेमका किती माल पडलाय हे कुणालाच सांगता येईना, की कुणीतरी म्हणतंच, "शेठ, आता ईआरपी घ्या." घाबरू नका. भोसरीपासून इचलकरंजीपर्यंत पुष्कळ कारखानदार यातून गेले आहेत आणि त्यातले बरेचसे अजून धंद्यात आहेत. खरेदी, विक्री, साठा, उत्पादन, पगार, हिशेब हे सगळं एका जागी आणणारं हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं आणि विकतही मिळतं. कुठलं घ्यायचं ते ठरवण्यासाठी पुढच्या पायऱ्या क्रमाने करा. मध्ये विचार करायला थांबू नका.

१. आधी किंमत बघा. गरज काय, ते नंतर बघता येतं. गरजांची यादी करायला बसलात तर गोडाऊन सांभाळणाऱ्या माणसाला विचारावं लागेल, आणि तो खरं सांगेल. तेवढं धाडस पहिल्याच दिवशी नको.

२. दोन आवृत्त्यांचं एखादं सॉफ्टवेअर गाठा. बेल्जियमचं ओडू नवशिक्यांना उत्तम. २००५ साली ते टायनी ईआरपी या नावाने निघालं, २०१४ साली ओडू झालं आणि २०१५ मधल्या ९ व्या आवृत्तीपासून त्याला दोन फाटे फुटले. कम्युनिटी फुकट, कोड सगळ्यांना खुला. एन्टरप्राइजला माणशी पैसे. कम्युनिटीत बिलं व्यवस्थित निघतात, पण हिशेबाचा पूर्ण विभाग एन्टरप्राइजमध्ये. म्हणजे माल विकला गेला हे तुम्हाला फुकटात कळतं; त्यात नफा झाला की खोट आली, याचा ताळेबंद बघायचा तर पैसे मोजा. यावर नाराज होऊ नका. आजवर तुम्हाला हे सीए सांगत होता आणि तोही फुकट सांगत नव्हता. स्वयंसेवकांनी केलेली फुकट जोड-मोड्यूल्स लावून ही उणीव भरून काढता येते, हे खरं आहे. ती कोण लावणार, ते चौथ्या पायरीवर येईलच.

३. विक्रेत्याकडून तुलनेचा तक्ता मागवा. त्यात डाव्या बाजूला लाल फुल्या आणि उजव्या बाजूला हिरव्या खुणा असतात. फक्त खुणा मोजा, कशापुढे आहेत ते वाचू नका.

४. भाच्याला बोलवा. खुल्या कोडचं सॉफ्टवेअर फुकट असतं, पण ते आपोआप बसत नाही. त्याला सर्व्हर लागतो, डेटाबेस लागतो, रोजचा बॅकअप लागतो आणि हे सगळं समजणारा माणूस लागतो. बाहेरचा माणूस पैसे मागतो. भाचा इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे आणि "कॉम्प्युटर करतो", एवढी पात्रता पुरे. तो दोन रविवार येईल, ताईकडे चहा-पोहे खाईल आणि सोमवारी सगळं चालू करून देईल. बॅकअप कुठे ठेवलाय असं विचाराल तर "त्याच मशीनवर आहे मामा, सेफ आहे" असं सांगेल. पुढे विचारू नका. पोराला वाईट वाटतं.

वर्षभराने भाचा एम.एस. करायला जर्मनीला जातो. पासवर्ड त्याच्याबरोबर जातो. दरम्यान जीएसटीचं ३बी विवरण भरायची २० तारीख जवळ येते. अशा वेळी तिकडे किती वाजले असतील याचा हिशेब करा आणि फोन लावा. परीक्षा चालू असेल तर ताईकडून लावा.

५. विकतचं घेतलंच, तर एकच लॉगिन घ्या. एन्टरप्राइजला माणशी पैसे पडतात ना? मग माणूस एकच दाखवा. त्याचं नाव ॲडमिन. खरेदीचा ॲडमिन, डिस्पॅचचा ॲडमिन, अकाउंटचाही ॲडमिन. पासवर्ड मॉनिटरच्या कडेला पिवळ्या चिठ्ठीवर चिकटवा: साई१२३. दसऱ्याच्या पूजेत त्या चिठ्ठीवर हळद-कुंकू उडाल्यामुळे शेवटचा आकडा ३ आहे की ८ हे नव्या माणसाला तोंडी सांगावं लागतं. सुरक्षेचा दुसरा टप्पा तो हाच, आणि त्याला वेगळं लायसन्स लागत नाही.

इथे एक सरकारी गैरसोय आहे. प्रायव्हेट लिमिटेड असाल तर १ एप्रिल २०२३ पासून तुम्हाला असंच हिशेबाचं सॉफ्टवेअर वापरावं लागतं, ज्यात प्रत्येक बदल तारखेनिशी नोंदला जातो आणि ती नोंद बंद करता येत नाही. ती चालू होती का, हे ऑडिटरला अहवालात लिहावं लागतं. तो तपासायला बसला की त्याला दिसतं: सकाळी साडेसहाला पोच चलन कुणी बदललं? ॲडमिन. दुपारी बिलाची रक्कम कुणी कमी केली? ॲडमिन. रात्री पावणेबाराला साठ्यातून चाळीस किलो पितळ कुणी वजा केलं? तेही ॲडमिन. अशा कष्टाळू माणसाचा पगार वाढवा. प्रोप्रायटरी फर्म असेल तर हा नियम तुम्हाला नाही. निवांत राहा, पितळ तसंही जाणारच आहे.

६. "आमचा धंदा वेगळा आहे" हे वाक्य पहिल्याच बैठकीत म्हणा. ते ऐकून समोरच्या कन्सल्टंटच्या चेहऱ्यावर जे समाधान पसरतं ते बघण्यासारखं असतं. तुम्ही कास्टिंग करा की कंदी पेढे, वाक्य हेच. मग तुमच्या छापील बिलबुकात डाव्या कोपऱ्यात 'श्री' आहे, तो तसाच यावा. जॉबवर्कला गेलेला माल परत आला नाही तरी चलन बंद व्हावं. आणि सूट मालकांच्या मनाप्रमाणे बदलावी, असे फेरफार करून घ्या. प्रत्येक फेरफाराचं बिल वेगळं येतं. ओडूची नवी आवृत्ती दर वर्षी निघते आणि कंपनी साधारण मागच्या तीनच आवृत्त्या सांभाळते. विकतच्या आवृत्तीत तुमचा डेटा पुढे नेऊन देण्याची सोय असते, पण तुमचे खास फेरफार पुन्हा बसवण्याचं काम उरतंच. फुकटच्या आवृत्तीत सगळंच काम उरतं. उपाय सोपा आहे: जिथे आहात तिथेच थांबा आणि विचारणाऱ्याला सांगा की आमची सिस्टिम स्टेबल आहे.

७. हेही जमत नसेल, तर शिकाऊ आवृत्तीवर धंदा चालवा. ही पायरी खास आपल्याकडची, म्हणून जरा सविस्तर सांगतो. बेंगळुरूचं टॅली लायसन्सशिवाय 'एज्युकेशनल मोड'मध्ये उघडतं. विद्यार्थ्यांनी हात बसवावा म्हणून ही सोय, आणि तिच्यात नोंदी फक्त महिन्याच्या १, २ आणि ३१ तारखेच्या करता येतात. घाबरायचं कारण नाही, गिऱ्हाइकांना सवय लावा. पाच तारखेला ट्रक दारात उभा राहिला तर ड्रायव्हरला चहा पाजा आणि बिल दोन तारखेचं द्या. वर्षअखेर ३१ मार्चला येते, ती तारीख चालते. सणांचंही जमून जातं: २०२४ मध्ये लक्ष्मीपूजन १ नोव्हेंबरला होतं आणि पाडवा २ नोव्हेंबरला, म्हणजे वहीपूजन करून लगेच दोन दिवस मनसोक्त नोंदी करता आल्या असत्या. दर वर्षी पंचांग इतकं सहकार्य करत नाही, आणि जीएसटी अधिकाऱ्याला तर पंचांग कळतच नाही. महिनाभराची सगळी विक्री तीन तारखांना का झाली, असं त्याने विचारलं तर गंभीर चेहऱ्याने सांगा, "आमच्याकडे मुहूर्त पाहूनच माल निघतो."

८. एकाच आवृत्तीच्या सॉफ्टवेअरपासून लांब राहा. मुंबईत तयार झालेलं ईआरपीनेक्स्ट असंच एक. त्यात फुकट आणि विकत असे दोन भागच नाहीत. सगळा कोड खुला, आणि कंपनी पैसे घेते ते होस्टिंगचे आणि मदतीचे. मग तुलनेचा तक्ता कशाचा करणार? बैठक वीस मिनिटांत आटोपेल आणि मग खरंच कामाला लागावं लागेल.

९. कोटेशनवरच्या आकड्यावर घासाघीस करा, बाकी कशावर नको. खरं विचाराल तर लायसन्सची रक्कम हा या सगळ्या प्रकरणातला एकमेव प्रामाणिक आकडा असतो, कारण तो कागदावर छापलेला असतो, खाली १८ टक्के जीएसटीसकट. जुना साठा मोजून भरणं, एकाच बोल्टची सात नावं एक करणं, पंधरा वर्षं वही लिहिणाऱ्या माणसाला माऊस धरायला शिकवणं, या कामांचं कोटेशन कुणी देत नाही. म्हणून ती कामं करायचीच नाहीत. साठ्याच्या रकान्यात 'अंदाजे' लिहिता येत नाही एवढी एकच अडचण. तिथे शंभर टाका.

१०. जुनी वही बंद करू नका. डिस्पॅचचा माणूस ती टेबलाखाली ठेवतो आणि ईआरपीत काय दिसतंय याची खात्री तिच्यात बघून करतो. मालकांनी साठा विचारला की तो आधी स्क्रीनकडे बघून मान डोलावतो, मग वाकून वही उघडतो. त्याला रागावू नका, त्याचाच आकडा बरोबर असतो.

शेवटची सूचना फक्त कंपनीवाल्यांसाठी. कायद्याप्रमाणे हिशेबाची पुस्तकं आठ आर्थिक वर्षं जपून ठेवावी लागतात, मग ती वहीत असोत की सर्व्हरवर. तेव्हा सॉफ्टवेअर फुकट घ्या की विकत, भाच्याकडून पासवर्ड तेवढा आजच लिहून घ्या.