पोलोवाले रावसाहेब

भालकीच्या आजूबाजूला जिथं पडका वाडा, तिथं एक रावसाहेब, हे ठरलेलं. जहागिरी 1949 मध्ये गेल्या, 1956 मध्ये भालकी म्हैसूर राज्यात गेली, पागेत सोयाबीनची पोती आली. मांड मात्र सुटलेली नाही. लुनावर बसायचं तर डावा पाय आधी, आणि स्टँड काढताना जिभेनं ‘च्यक् च्यक्’. चहाला उशीर होणार असेल तर म्हणतात, “दोन चक्कर थांबा.” पोलोतला एक चक्कर सात मिनिटांचा, वर अर्धं मिनिट. म्हणजे पाव तास.

पोलोत काठी उजव्याच हातात धरायची असा नियम आहे. नातू डावखुरा निघाला तेव्हा रावसाहेब दोन दिवस जेवले नाहीत.

ही जात फक्त आपल्याकडचीच नाही. आयर्लंडच्या वॉटरफर्डच्या मार्क्विसचा तिसरा मुलगा लॉर्ड विल्यम बेरेसफर्ड. तिसरा म्हणजे इस्टेट थोरल्याची. याच्या वाट्याला घोडा. 1879 च्या झुलू युद्धात व्हिक्टोरिया क्रॉस मिळवला, मग व्हाइसरॉयांचा लष्करी सचिव झाला आणि पोलो-शर्यतींत रमला. पुढं 1903 च्या कायद्यानं आयर्लंडमधल्या जमीनदारांच्या जमिनी सरकारनं पैसे देऊन कुळांना मिळवून दिल्या. हे सांगितलं तेव्हा रावसाहेब बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “हौ, पण पैसे तरी दिले की!”

त्यांचा खरा ठेवा म्हणजे चर्चिल. 1896 मध्ये हा पोरगेला अधिकारी मुंबईला ससून डॉकवर उतरताना खांदा निखळवून बसला, आणि तसाच दंड अंगाशी आवळून बांधून बंगळूरच्या पलटणीकडून हैदराबादला गोवळकोंडा कपात खेळला. त्यांनी निजामाच्या गोवळकोंडा ब्रिगेडला नऊ-तीन हरवलं. हा सामना आजोबांनी हौद्यातून पाहिला, असं रावसाहेब सांगतात. पूर्वी हत्ती नव्हता, गर्दीत उभे होते. गोलही बदलतात. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा नऊ-तीनच होतं, मागच्या दसऱ्याला नऊ-सहा झालं. दोन-तीन दसरे गेले की आपण जिंकू.

“त्यांच्याकडं मोठाली जनावरं, आपल्याकडं भीमथडीची तट्टं. पण वळायला तट्टूच!” असं म्हणत ते लुना वळवून दाखवतात. एकदा गटारात गेले. “चूक घोड्याची,” म्हणाले.

येळवस जवळ आली की घरचे आंबिलीच्या तयारीला लागतात आणि रावसाहेब नांदेडकडं माळेगावच्या यात्रेला निघतात. घोडेबाजारात दिवसभर दात बघायचे, खूर उचलायचे, मारवाडी घोड्याला नाक मुरडायचं, एखाद्या तट्टाचा सौदा हातरुमालाखाली शेवटच्या बोटापर्यंत आणायचा, आणि “कान बरोबर नाहीत” म्हणून उठायचं. व्यापारी आता त्यांना ओळखतात. चहा पाजतात, रुमाल काढत नाहीत.

रिकाम्या हातानं मात्र ते कधी परतत नाहीत. यंदाचा धरून घरात नऊ चाबूक झाले.