हे ‘सगळे’ राहतात कुठं?

अहो, ऐकलंत का? नाशिकच्या एका लॉन्सवर परवा लग्न लागलं. दोन्हीकडची मंडळी पक्की नाशिककर. पण नवरी मांडवात आली ती भावांनी धरलेल्या फुलांच्या चादरीखालून, ‘दिन शगना दा’च्या तालावर! पंजाबी घरात हे शोभतंच. पण आपल्याकडं नवरीला बोहल्यावर आणायचा मान मामाचा. तो मामा फेटा बांधून गौरीहरापाशी ताटकळत होता, कारण फोटोग्राफरनं त्याला ‘अंकल, जरा फ्रेमबाहेर’ म्हणून हुसकावलं होतं! त्यानं हौसेनं आणलेली पिवळी अष्टपुत्री पिशवीतच राहिली.

कुणी म्हणतं, खोट १९९४ सालची. ‘हम आपके हैं कौन’ आला आणि आमच्या मुली नवऱ्याचे जोडे पळवायला लागल्या. कानपिळी बिचारी मागं पडली. मग २०१७च्या डिसेंबरात विराट-अनुष्कानं इटलीत लग्न केलं आणि फिकट गुलाबी लेहंग्याची अशी साथ आली म्हणता, घरटी एक रुग्ण!

संगीताचं तर विचारूच नका. काकवांना ठेका शिकवायला महिनाभर कोरिओग्राफर येत होता. (मीही दोन गिरक्या मारून घेतल्या, खोटं कशाला बोलू?) पण आजीचं काय झालं ते ऐका. तिला घाण्याच्या ओव्या तोंडपाठ. मुसळांना आंब्याची पानं बांधून पाच सुवासिनींनी घाणा भरायचा, तर त्याला म्हणे कार्यक्रमात ‘स्लॉट’च नव्हता! आजीला काळा गॉगल चढवला, रीलमध्ये बसवलं, झालं काम. अंतरपाट धरला तेव्हा डोक्यावर ड्रोन घोंघावत होता, मंगलाष्टकं ऐकतो कोण!

मी नवरीला खोदून विचारलं. तर म्हणते, “मला पैठणीच नेसायची होती गं मावशी. पण सगळ्याच लेहंगा घालतात, मी एकटीच कशी वेगळी दिसू?” घ्या! स्वतःच्या लग्नात वेगळं दिसायची चोरी! तिच्या मैत्रिणींना विचारलं, तर त्यांचीही तीच रड: सगळे करतात म्हणून. त्यांच्यातली प्रत्येक जण ‘सगळ्यां’ना घाबरलेली, आणि ‘सगळे’ काही तिथं कुणाला दिसेनात.

तेव्हा यंदा ज्यांच्या घरी कार्य आहे, त्यांनी आधी मामाची जागा धरावी, मग ड्रोनची. आणि नवरीच्या भावांनो, जोडे राहू देत, सरळ नवरदेवाचा कान पिळा. मानपान तिथंही मिळतो.